ऑटिझमबद्दलचे नैतिक निर्णय: ऑटिस्टिक व्यक्तींना मत हवं की नको?

धागाकर्ती: ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिझमचा (स्वमग्नतेचा) जनुकीय अभ्यास करणारा 'स्पेक्ट्रम १०के' प्रकल्प जाहीर झाला. १०,००० ऑटिस्टिक व्यक्तींचे डीएनए नमुने घ्यायचे होते. यातून उद्या गर्भातच ऑटिझम ओळखणारी चाचणी निघाली आणि असे गर्भ पाडले जाऊ लागले तर? हा प्रश्न ऑटिस्टिक लोकांनी लावून धरला आणि पुढच्याच महिन्यात काम थांबवावं लागलं. संशोधकांचा तसा हेतू नव्हता, हे त्यांनी सांगितलं. मला ते खरंही वाटतं. पण एवढा उघड प्रश्न आराखडा ठरतानाच यायला हवा होता. म्हणून अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिक समितीत ऑटिस्टिक सभासद हवेत, आणि त्यांना मताधिकार हवा.

एक आई: बसणार कोण तिथे? ज्यांना बोलता-लिहिता येतं तेच. माझा मुलगा बोलत नाही, त्याला चोवीस तास कुणीतरी लागतं. अशांसाठी २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 'प्रोफाउंड ऑटिझम' हा शब्द सुचवला, तर त्यालाही अनेक ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनीच विरोध केला. माझ्या मुलाच्या वतीने त्यांनी का बोलावं?

ऑटिस्टिक वाचक: ताई, तुमच्या मुलाला तुमच्याइतकं मी ओळखत नाही, हे मान्य. पण अमेरिकेतल्या जज रोटेनबर्ग सेंटर या निवासी संस्थेत मुलांना वागणूक बदलावी म्हणून विजेचे झटके दिले जात, ते पालकांच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने. ते पालकही मुलांवर प्रेमच करत होते. झटका बसल्यावर काय होतं, हे तिथे राहिलेल्यांनी सांगितलं. ते कुणी सांगायचं मग?

संशोधन-सहायक: रुग्णाने चाचणीची पद्धत ठरवायची नसते. अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

धागाकर्ती: पद्धत संशोधकांनीच ठरवावी. पण काय शोधायचं आणि कशासाठी, हा प्रयोगशाळेत सुटणारा प्रश्न नाही. अपंगांच्या हक्कांच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारातही, कलम ४(३) मध्ये, अपंगांविषयी निर्णय घेताना त्यांना सहभागी करून घेण्याचं बंधन सरकारांवर घातलं आहे.

एक आई: झटक्यांचा मुद्दा मला पटला. तरी माझी अट राहील. कुणी हात धरून टाइप करवून घेतलेलं 'त्याचं मत' म्हणून आणू नका. चाचण्यांमध्ये ते शब्द मदतनिसाचेच निघाले आहेत. तो चित्रं दाखवून हो-नाही सांगतो, पण त्याला वेळ लागतो, कधी अख्खा दिवस. बैठक दोन तासांत उरकणार असेल तर त्याला तिथे जागा नाही, तुम्ही कितीही कलमं दाखवा.