कादंबरी: आराखडा आधी की खर्डा आधी?

कानामात्रा
आराखड्याशिवाय सुरू केलेली कादंबरी बहुधा पहिल्या तृतीयांशानंतर अडते, कारण सुरुवात सुचलेली असते, शेवट अंधुक दिसत असतो, पण मधल्या निम्म्या भागाचा विचारच झालेला नसतो. म्हणून ८०,००० शब्द लिहायचे असतील तर तीन अंक करा: २०, ४० आणि २० हजार. पहिल्याच्या अखेरीस नायिकेचा असा निर्णय हवा की मागे फिरता येऊ नये. ४० हजारांच्या आसपास अशी गोष्ट कळावी की तिचं उद्दिष्टच बदलेल. ६० हजारांना हातचं सगळं जावं. प्रसंगाला १,६०० शब्द धरले तर ५० प्रसंग होतात. प्रत्येकाचं एक कार्ड करा आणि मगच लिहायला बसा.

तिसरी घंटा
सपशेल असहमत. हे २५-५०-२५ टक्क्यांचं गणित पटकथालेखन शिकवणाऱ्या सिड फील्डने १९७९ साली पटकथेसाठी मांडलं: १२० पानं, एका पानाला साधारण एक मिनिट. कादंबरीचा वाचक घड्याळ लावून बसत नाही! वर लोक त्यात जर्मन लेखक फ्रायटागचा १८६३ चा पिरॅमिड, म्हणजे नाटकाच्या चढ-उताराचा आलेख, मिसळतात. त्याचं शिखर मधोमध आहे, पटकथेतलं शेवटच्या पावभागात. दोन्ही एकाच कागदावर काढले की उत्कर्षबिंदू दोनदा येतो आणि दुसरा फुसका ठरतो.

त्याहून वाईट म्हणजे, कार्डावर ‘भांडण’ लिहिलंय म्हणून पात्रं भांडतात. वाचकाला ते लगेच कळतं.

कानामात्रा
टक्केवारी सोडून द्या हवं तर. पण मधला भाग का ढेपाळतो, याचं उत्तर नाट्यशास्त्रातल्या भरताच्या पाच संधींतही, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांतही, आहे. तिसऱ्या, गर्भसंधीत बीज (ज्यासाठी कथा चाललेली असते ते) हाती लागतं, निसटतं, पुन्हा शोधावं लागतं. नवशिक्याच्या मध्यभागात फक्त अडथळे असतात, एकामागून एक, सारख्याच वजनाचे. काही मिळतच नाही, मग गमावण्याची धास्ती कुठून येणार? आणि भांडणाचं म्हणाल, तर दोन कार्डांमध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतंय का पाहा. ‘आणि मग’च बसत असेल तर त्या जागी कारण नाही.

अधोरेखित
अशी चाचणी पहिल्या खर्ड्यानंतर जास्त उपयोगी पडते. लिहून झालेल्या प्रत्येक प्रसंगाची तक्त्यात एक ओळ करायची, तीन रकान्यांची: कोणाला काय हवंय, कोण आडवं येतंय, शेवटी काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर प्रसंग काढा किंवा शेजारच्यात जिरवा. त्यातली महत्त्वाची माहिती तेवढी वाचवा. सलग तीन प्रसंगांत नायिका हरतच असेल, तर मधला फिरवा.

(३,००० शब्दांच्या कथेला हे सगळं कशाला? तिथे एकच वळण पुरतं.)

तिसरी घंटा
तो तक्ता मला चालेल, कारण तो लिहिलेल्याची तपासणी करतो. शेवट आधी बांधायला मात्र विरोध कायम. पुढचे तीन-चार प्रसंग ठरवा, लिहा, मग पुढचे ठरवा. रहस्यकथेचा अपवाद: तिथे गुन्हेगार आणि दुवे आधीच ठरलेले हवेत, नाहीतर पेरणीसाठी पहिली शंभर पानं पुन्हा लिहावी लागतात.

कानामात्रा
म्हणजे रहस्यकथेपुरता आराखडा मंजूर. मग कौटुंबिक कादंबरीत तिसाव्या प्रकरणात फुटणारं गुपित पाचव्यात कोण पेरणार?