मदत हवी आहे: माणग्याच्या आधारकाठ्या करून विकण्याचा धंदा घर चालवण्याइतका चालेल का?

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे आणि बांधावर माणगा या बांबूची बरीच बेटं आहेत. दरवर्षी व्यापारी येतो, उभ्या बेटातून तोडून नेतो आणि नगाला ५०-६० रुपये देतो. तो माल पुढे मांडवाला, बागांना टेकू म्हणून, थोडा फर्निचरला जातो. यातल्याच निवडक मालाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी आधारकाठ्या करून विकाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. नोकरी सोडून यात उतरावं का? एका सुताराला बारमाही काम आणि मला घरखर्चापुरतं उत्पन्न निघेल का? कौतुक नको, हिशोबातली भोकं दाखवा.

माणगा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. कोकण-गोव्याकडचा हा बिनकाट्याचा बांबू, शास्त्रीय नाव डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी. बाकीचे बहुतेक बांबू पोकळ असतात, हा जवळजवळ भरीव. त्यामुळे अंगठ्यापेक्षा थोडा जाड तुकडाही माणसाचा भार घेतो आणि हाताला जड लागत नाही. शिसव, सागाची काठी देखणी दिसते, पण लाकूडतोड, वाहतूक पास आणि किंमत पाहता ती वाट मला नको आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिला नाही, म्हणून स्वतःच्या बांधावरच्या मालाला ती भानगड कमी.

आमच्या वाडीत एक सुतारकाका आहेत. तरुणपणी सावंतवाडीला लाखकामाच्या खेळण्यांच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांनी काही नमुने करून दिले. काठी तीन वर्षांपुढची, पावसाळा सरल्यावर तोडलेली. आधी बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवायची, नाहीतर बांबूतल्या पिठावर भुंगा लागतो आणि कोपऱ्यात ठेवलेल्या काठीखाली पिवळसर भुकटी पडू लागते. मग सावलीत वाळवायची. घाईने उन्हात टाकली की उभी चीर जाते. सरळ करण्याचं काम तर बघत बसावं असं. ब्लोलॅम्पच्या ज्योतीवर काका पेर सतत फिरवत राहतात. थोड्या वेळाने सालीवर घाम फुटल्यासारखं तेलकट पाणी येतं, ते फडक्याने पुसून घेतात, फळीतल्या खाचेत काठी अडकवून दाब देतात आणि तसाच दाब ठेवून ओलं फडकं फिरवतात. हात सोडला की काठी सुतासारखी सरळ, आणि साल मधाच्या रंगाची. मी पोकळ बांबूशी तुलना काढली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माणगो मोडणा नाय, वाकता."

आता हिशोब. एका उभ्या बांबूतून हव्या त्या जाडीचे तीन-चार तुकडे निघतात, म्हणजे तुकड्याला साधारण २० रुपये. प्रक्रिया आणि गॅस २५, मुठीला आंब्याचं किंवा शिवणीचं लाकूड ४०, मूठ आणि काठीच्या सांध्यावर पितळी कडं ३०, खाली रबरी बूट २५, पॉलिश ३०. काकांची हजेरी १००० रुपये धरली आणि दिवसाला सहा काठ्या उतरल्या तर मजुरी १७० च्या आसपास. बेरीज ३४०. वाया जाणारा माल धरून ४०० म्हणू. माझा स्वतःचा वेळ यात धरलेला नाही.

खरी अडचण पाठवण्याची. काठीचं वजन ४०० ग्रॅमसुद्धा भरत नाही, पण कुरियरवाले खोक्याच्या आकारमानावर पैसे लावतात. ९५ गुणिले १२ गुणिले ६ सेंटिमीटरचं खोकं, भागिले ५०००, म्हणजे जवळपास १.४ किलो. दर लागतो दीड किलोचा. घरपोच काठी ७५० च्या खाली परवडत नाही, आणि ऑनलाइन अॅल्युमिनियमची घडीची, उंची कमीजास्त होणारी काठी निम्म्या पैशांत मिळते.

गिऱ्हाईक आहे, याबद्दल मला शंका नाही. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं १० कोटींवर होती, आणि आपल्या राज्यात त्यांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. शिवाय आमच्याकडे तरुण मुंबईला आणि घरात आईवडील, हे प्रत्येक वाडीचं चित्र आहे. पण म्हातारी माणसं काठी धरायलाच तयार होत नाहीत. आमच्या गावात किती तरी आजोबा भर एप्रिलमध्ये लांब दांड्याची छत्री टेकत फिरतात. छत्री हातात असली तर चालतं, काठी आली की माणूस म्हातारा झाला! छत्रीचं टोक लोखंडी, ओल्या लादीवर सरकतं, आणि मग खुबा मोडतो. एवढ्याचसाठी वाटतं की धरावीशी वाटेल अशी देखणी आणि मापाची काठी कुणीतरी करायला हवी.

मला विचारायचं आहे ते असं. लांबी आणि मूठ ठरवताना नेमकं काय बघायचं? सरकार फुकट काठ्या वाटतं, तिथे विकत कोण घेईल? आणि वारी, ट्रेक, परिक्रमा, महाबळेश्वरसारख्या ठिकाणचे पर्यटक, या बाजूला वळावं की वृद्धांवरच राहावं?

प्रतिसाद – फिजिओ_पुणे

मी रोज हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. काठी उंचीच्या तक्त्यावरून देऊ नका. माणसाने रोजची चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे, आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतचं अंतर मोजायचं. मुठीचा माथा तिथे आला पाहिजे. काठी धरल्यावर कोपर २० ते ३० अंशांत वाकलेलं दिसतं. लांब काठीने खांदा वर चढतो, आखूड काठीने माणूस पुढे झुकतो, आणि दोन्हींत तोल जातो. बाजारातून आणलेल्या काठ्या बहुतेक लांब असतात, कारण घरी कुणी कापत नाही. तुम्ही मापाची करून देणार असाल तर तुमचा माल तिथेच वेगळा पडतो.

मूठ छत्रीसारखी गोल वाकडी नको. ती मनगटावर अडकवायला बरी, पण भार काठीच्या रेषेत उतरत नाही. आडवी, तळव्याला भरून येणारी मूठ करा, किंचित जाड, म्हणजे संधिवाताच्या बोटांना आवळावी लागत नाही. डावखुऱ्यांचा विचार आधीच करून ठेवा. डाव्या हातात काठी फक्त डावखुरे धरतात असंही नाही. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातातच धरायची असते. हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक काठीसोबत द्या. नव्वद टक्के घरांत उलटं धरतात, असं म्हणायची वेळ येते इतकं मी हे बघते.

आणि एक कळकळीची विनंती. विकण्याआधी भाराची चाचणी घ्या. १०० किलोचा माणूस अचानक पूर्ण वजन टाकतो तेव्हा सांधा काय करतो ते पाहा, आणि तीच चाचणी एक पावसाळा गेल्यावर पुन्हा घ्या. लाकडी मूठ आणि बांबू वेगवेगळे आकसतात. कड्याखालचा जोड ढिला झाला तर बाहेरून दिसणार नाही, आणि पडणारं माणूस ऐंशीचं असेल.

पार्किन्सनच्या किंवा अर्धांगाच्या रुग्णाला एका पायाची काठी पुरत नाही. असा ग्राहक आला तर विकू नका, फिजिओकडे पाठवा.

प्रतिसाद – सर्जिकल_दुकान_सांगली

दुकानात काठी मागायला म्हातारं माणूस येतच नाही, मुलगा किंवा सून येते. पहिला प्रश्न "स्वस्तात कुठली?" पन्नासातला एखादा लाकडी विचारतो. माझ्यासारखा दुकानदार तुमच्याकडून ४५० ला घेईल आणि ७५० ला विकेल, त्यातही माल विकल्यावर पैसे. तेव्हा दुकानांच्या भरवशावर राहू नका.

फुकटच्या काठ्यांची भीती मात्र धरू नका. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना कानपूरच्या अॅलिम्को या सरकारी कंपनीची साधनं मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, पासष्टीपुढच्या पात्र लोकांना खात्यात एकदाच ३००० रुपये. हा तुमचा ग्राहकच नाही. तुमचा ग्राहक सत्तरीचा निवृत्त शिक्षक किंवा बँकवाला, ज्याला चारचौघांत अॅल्युमिनियमची काठी नको वाटते.

रबरी बुटाचं लक्षात घ्या. ते झिजतं आणि लोक तसंच वापरतात. काठीसोबत एक जादा बूट द्या, पुढचं विकत. काठी माणूस कित्येक वर्षांत एकदा घेतो, बूट पुन्हा पुन्हा लागतं. काठीचं खालचं टोक लेथवर एकाच मापाला, १९ मिलिमीटरला, उतरवा म्हणजे बूट कुठल्याही दुकानात मिळेल.

प्रतिसाद – नर्मदे_हर

परिक्रमावासीयाला दंड म्हणजे हातातली काठी लागतेच, तिची पूजा होते, आणि बरेच जण ती ओंकारेश्वरलाच घेतात. तिथे साध्या बांबूला मिळणाऱ्या किमतीत तुमची पितळी कड्याची काठी बसणार नाही. पण आमच्या ओळखीत निघण्याआधी महिनाभर सराव करणारे पुष्कळ आहेत, त्यांना हलकी आणि भरीव काठी हवी असते. चातुर्मास संपला की लोक निघतात. तुमची तोड पावसाळ्यानंतरची, म्हणजे त्या हंगामाचा माल आदल्या वर्षीच तयार हवा. मूठ नको, वर सुती दोरीची पकड आणि उंची छातीपर्यंत.

प्रतिसाद – हिशोबी

तुमच्या बेरजेत भांडवलाचं व्याज, परत येणारा माल आणि तुमचा पगार नाही. घरपोच ९५० ला विकलीत, कुरियर-खोकं २०० आणि जाहिरातीचे १०० काढले, तर काठीमागे २५० उरतात. महिन्याला २५,००० हवे असतील तर १०० काठ्या. काकांचे सहा रोज आणि पंचवीस दिवस धरले तर १५० होतात, म्हणजे उत्पादन अडत नाही, विक्री अडते. महिन्याला १०० अनोळखी घरं शोधायची हे काम पूर्णवेळाचं आहे. नोकरी आज सोडू नका.

कर्ज काढायचंच झालं तर पीएमईजीपीत (केंद्राच्या रोजगारनिर्मितीच्या योजनेत) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे. सुतारकाका पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या केंद्रीय योजनेत बसतील, त्यात सुतार हा धंदा आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. कुडाळलाच कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था आहे, बांबूच्या प्रक्रियेबद्दल तिथे आधी विचारा. हे काम ते वर्षानुवर्षं करत आहेत.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताईंचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. मुठीच्या सांध्यात आता ते लाकडी खुंटीऐवजी आरपार पितळी पिन घालून बघणार आहेत आणि दोन काठ्या पावसाळाभर पडवीत टांगून ठेवणार आहेत. चाचणी झाल्याशिवाय एकही काठी विकणार नाही.

हिशोबींचं पटलं. नोकरी राहील. पहिला माल दुकानात न देता ओळखीच्या फिजिओंकडे आणि ज्येष्ठ नागरिक संघांत स्वतः घेऊन जाईन, तिथल्या तिथे माप घेऊन काठी कापून देता येईल आणि कुरियरही वाचेल. छोटी करवत, पॉलिश आणि बुटांची पिशवी एवढंच सामान लागतं. पंच्याहत्तरीला, सहस्रचंद्रदर्शनाला भेट म्हणून द्यावी का, असं एकाने व्यनित (खासगी निरोपात) विचारलं आहे. माझ्या मते ज्याला द्यायची त्याला विचारल्याशिवाय नको. समारंभात सगळ्यांसमोर काठी हातात दिली तर आजोबा ती घरी गेल्यावर कपाटामागे टाकतील.

एक अजून हवं आहे. १९ मिलिमीटरचे, आत पोलादी चकती असलेले रबरी बूट घाऊक भावात कुणाकडे मिळतात? कोल्हापूर, इचलकरंजीकडे रबराचा माल करणारे कुणी ओळखीचे असतील तर कृपया व्यनि करा. नमुन्यासाठी शंभरेक नग घेईन, रोख.