उत्तर: पुतण्यासाठी साठ हजारांत गेमिंग पीसी

तुमच्या दुकानदाराने ‘आत्ता रायझन ५६००जी (इनबिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर) घ्या, ग्राफिक्स कार्ड पुढच्या दिवाळीला टाकू’ असं सुचवलंय, ते मला काही पटत नाही. ५६००जीमध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. शिवाय कार्ड ज्या मार्गाने प्रोसेसरला जोडलं जातं, त्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या, हळू ३.० पिढीवरच ‘जी’वाला थांबतो आणि आरएक्स ६६००सारखी कार्डं मुळात या मार्गाच्या आठच लेन वापरतात. म्हणजे कार्ड नंतर आणलं तरी उणीव राहतेच. त्यापेक्षा आधी आठ जीबीचं कार्ड ठरवा, उरलेल्या पैशांत साधा ५६०० किंवा इंटेलचा आय३ १२१००एफ बघा. या दोन्हींत इनबिल्ट ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड लागेलच.

रॅम आठ-आठच्या दोन स्टिक, सोळाची एक नको. आरजीबीचे पंखे पुतण्या मागणारच, पण पुढून जाळी असलेला कॅबिनेट घ्या म्हणावं. एप्रिल-मेमधलं नाशिक आता पूर्वीसारखं थंड राहिलेलं नाही.

पॉवर सप्लायवर मात्र कंजुषी करू नका. कोटेशनमध्ये नुसतं ‘५०० वॉट एसएमपीएस’ (म्हणजे पॉवर सप्लायच) लिहिलं असेल तर मॉडेल विचारा. नामांकित कंपनीचा, ‘ब्राँझ’ कार्यक्षमता दर्जाचा ५५० वॉट पुरतो. वळवाच्या पावसात सिडकोत लाइट कशी जाते ते तुम्हाला ठाऊकच आहे. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो. गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता ठीक, त्यावर खेळत बसायचं नाही.

एम. जी. रोडला दोन-तीन दुकानांतून कोटेशन घ्या, प्रत्येक पार्टचं नाव आणि वॉरंटी बिलावर लिहून मागा. मॉनिटर बजेटमध्ये धरलाय की वेगळा?