सात इंची सीआरटी प्रोजेक्टरला पडदा केवढा घ्यावा? चिरेबंदी घर, वेंगुर्ला

वेंगुर्ला_बंदर

नमस्कार मंडळी. माजघरात सीआरटी प्रोजेक्टर (जुन्या टीव्हीसारख्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर चालणारा) बसवायचा आहे, पण पडद्याचं माप ठरत नाहीये. माहिती देतो.

प्रोजेक्टर सोनी व्हीपीएच-1272, तीन ट्यूब, प्रत्येकी सात इंची. आधी एका सभागृहात 4:3 (रुंदी:उंची) चित्रावर चाललेला. खोली आतून 12 फूट रुंद, 17 फूट लांब. वर तक्तपोशी, तिच्याखाली उंची साडेनऊ फूट. भिंती चिऱ्याच्या, गिलावा केलेला. बघणार फक्त रात्री, काळोख पुरेसा होतो. समोरची भिंत मोकळी असल्याने 120 इंच रुंद पडदा आरामात मावतो. तेवढा घ्यावा का? सिनेमे बहुतेक 16:9 किंवा त्याहून रुंद, काही जुने 4:3. आणि पडदा विकत घ्यावा की भिंतच रंगवावी?

तीन_भिंगं

120 इंच नको. भिंत किती मोकळी आहे यावरून सीआरटीचा पडदा ठरवायचा नसतो, ट्यूब किती उजेड देते यावरून ठरवायचा.

चांगल्या स्थितीतल्या सात इंची संचाकडून पूर्ण पांढऱ्या चित्रावर दीडशे ते दोनशे लुमेन (एकूण उजेडाचं माप) धरा. ब्रोशरमध्ये याच्या तिप्पट-चौपट आकडा असतो, पण तो काळ्या पडद्यावरच्या छोट्या पांढऱ्या चौकोनाचा. चित्र जास्त पांढरं झालं की प्रोजेक्टर ट्यूब वाचवण्यासाठी स्वतःच प्रवाह आवरतो. म्हणून हिशेब 170 लुमेनवर करू. लुमेन भागिले पडद्याचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, गुणिले पडद्याचा गेन (पडदा समोर किती उजेड परत फेकतो), म्हणजे फूट-लॅम्बर्ट, पडद्यावरच्या उजळपणाचं माप. गेन 1 धरला तर (शेवटचा आकडा फूट-लॅम्बर्ट):

72 इंच रुंद (उंची 40.5): 20.25 चौ. फूट, 8.4
80 इंच रुंद (उंची 45): 25 चौ. फूट, 6.8
96 इंच रुंद (उंची 54): 36 चौ. फूट, 4.7
120 इंच रुंद (उंची 67.5): 56.25 चौ. फूट, 3

चित्रपटगृहाचं प्रमाण 16 आहे. सीआरटीचा काळा रंग खरोखर काळा असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत 7-8 वरही चित्र भरदार दिसतं. 5 च्या खाली मात्र रंग मेल्यासारखे होतात. मग माणूस कॉन्ट्रास्ट चढवत जातो, ट्यूबमधल्या किरणाचा ठिपका फुगतो, चित्र मऊ पडतं आणि फॉस्फर (ट्यूबच्या काचेवरचा उजळणारा लेप) लवकर जळतो. मोठ्या पडद्याची किंमत शेवटी ट्यूबच मोजते, आणि आज नवी ट्यूब मिळणं फार कठीण आहे.

तुमच्यासाठी 80 इंच रुंद ही वरची मर्यादा. ट्यूब झिजलेल्या असतील तर 72. आठ इंची ट्यूब असत्या तर 96 पर्यंत जा म्हटलं असतं, 120 चा विचार नऊ इंचीलाच.

वेंगुर्ला_बंदर

दादा, आकडे बघून डोळे उघडले. झीज कशी ओळखायची? आणि जास्त गेनचा पडदा घेऊन 96 जमवता येईल का?

तीन_भिंगं

गेनचं आधी. तीन ट्यूब शेजारी शेजारी, म्हणजे लाल, हिरवा, निळा उजेड पडद्यावर तीन वेगळ्या कोनांतून येतो. जास्त गेनचा पडदा उजेड एका दिशेला जास्त फेकतो. मग डाव्या बाजूला बसलेल्याला चित्र एका रंगाकडे झुकलेलं दिसतं, उजवीकडच्याला दुसऱ्या. 1.3 पर्यंत हे जाणवत नाही, त्यापुढे जाऊ नका. 80 इंचाला 1.3 गेन मिळाला तर 6.8 चे 8.8 होतात. फायदा घ्यायचा तर असा घ्या.

झीज बघताना मशीन बंद ठेवा आणि भिंगातून टॉर्च मारा. फॉस्फरवर करडा-तपकिरी चौकोन दिसेल. तो 4:3 चा असणार. निळी ट्यूब सगळ्यात नीट बघा, कारण तिची झीज चित्रात आधी जाणवते. मग मशीन लावून प्रत्येक रंगाचा कोरा पडदा एकेक करून बघा. मधला भाग कडांपेक्षा मंद दिसला तर झीज आहे.

इथेच बऱ्याच जणांची चूक होते. नवीन रास्टर (ट्यूबवर किरण जेवढं क्षेत्र उजळवतो ते) जुन्या जळालेल्या चौकोनापेक्षा रुंद ठेवलं, तर कडेला न झिजलेल्या फॉस्फरच्या उजळ पट्ट्या दिसतात. रुंदी जुन्या चौकोनाइतकीच ठेवा, फक्त उंची 16:9 ला कमी करा. आणि चित्र लहान करायला रास्टर आकसू नका. आकसलं की तपशील जातो आणि तेवढाच तुकडा लवकर जळतो. चित्राचं माप बदलायचं ते प्रोजेक्टर पुढे-मागे सरकवून. या भिंगांना झूम नसतो.

अंतर पडद्याच्या रुंदीच्या साधारण सव्वा ते दीडपट येतं, म्हणजे 80 इंचाला सुमारे सव्वाआठ ते दहा फूट. नेमका आकडा मॅन्युअलच्या तक्त्यातून घ्या आणि तो मशीनच्या कुठल्या बिंदूपासून मोजलाय तेही वाचा. लाल आणि निळ्या ट्यूबचा आतला कोन पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलावा लागतो, म्हणून माप आधी पक्कं करा, मशीन नंतर टांगा.

चिरा_आणि_चुना

टांगायचं म्हणताय म्हणून लिहितो. हे धूड फार जड असतं. तक्तपोशीच्या फळ्यांना अजिबात टांगू नका. वरच्या तुळयांवर आडवा लोखंडी चॅनेल टाका, वजन दोन तुळयांवर वाटा आणि आरपार बोल्ट घ्या. आधी तुळईत सुरा खुपसून बघा. वाळवी आतून पोखरते, वरून रंग शाबूत असतो. चिऱ्यात साधे अँकर धरत नाहीत, दगड सच्छिद्र असल्याने भोक मोठं होत जातं. भिंतीत ब्रॅकेट मारायचंच असेल तर केमिकल अँकर घ्या.

खरं सांगायचं तर खालीच ठेवा. मॅन्युअलमध्ये फ्लोअर माउंट असतो. पक्का लाकडी चौथरा करा. जमिनीतून ओल वर येते, म्हणून खाली हवा खेळेल अशी जागा सोडा. मशीनच्या मागे बसलात तर डोळे पडद्यापासून साधारण 13 फुटांवर येतात. 17 फुटी खोलीत ते बसतं.

भिंत मात्र रंगवू नका. पाऊस धरला की चिऱ्याच्या भिंतीला लोणा लागतो, रंग फुगतो आणि नेमका पडद्याच्या मधोमध डाग उमटतो. त्याऐवजी लाकडाच्या वखारीतून 8 बाय 4 फुटांचा, 12 मिलिमीटर, पाण्यात टिकणारा प्लायवूड आणा. त्यातून 80 बाय 45 इंच अख्खं निघतं. मागे ॲल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची चौकट, स्टेनलेस स्क्रू. दोन्ही बाजूंनी आणि कडांना प्रायमर. एकच बाजू रंगवली तर प्लाय पावसाळ्यात वाकतो. समोरून पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन हात, बारीक केसांच्या रोलरने. भिंतीपासून दीड-दोन इंच पुढे टांगा.

तीन_भिंगं

प्लायचा सल्ला उत्तम. याचा गेन जेमतेम 1, पण वर्षभर वापरून बघायला तो पुरतो. नंतर 1.3 चं कापड त्याच चौकटीवर ताणता येतं.

खारा_वारा

मापाबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही, पण किनाऱ्यावर सीआरटी मरतो तो ओलीने. त्यावर लिहितो.

ट्यूबच्या तोंडाशी ग्लायकॉलचं द्रव असतं, ट्यूब थंड ठेवायला. त्यात बुरशी किंवा गढूळपणा आला की चित्रात धुकं येतं, उजेड घटतो आणि वरचा सगळा हिशेब चुकतो. टॉर्च मारताना तेही बघा. गळणारं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. घरात कुत्रं-मांजर असेल तर लगेच पुसा.

आत 30 किलोव्होल्टच्या वर दाब असतो. खारट धूळ ओलावली की त्यातून वीज वाहते. चर्रर्र आवाज किंवा ओझोनचा उग्र वास आला तर तत्काळ बंद करा. झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार उरतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तासभर मशीन चालवा. बंद असताना सुती चादर टाका, प्लास्टिक नको, त्याखाली घाम धरतो. जमलं तर डीह्युमिडिफायर घ्या आणि सिनेमाच्या तासभर आधी लावा.

वीज खेळ करत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर, टाइम डिलेसकट. यात दिव्याचा बल्ब नाही, त्यामुळे वीज गेल्याने बल्ब उडण्याची भीती नाही. पण लागोपाठ ये-जा झाली तर पॉवर सप्लाय बसतो. गेलेली वीज परत आली की पाच मिनिटं थांबा.

वेंगुर्ला_बंदर

सर्वांचे आभार. निळ्या ट्यूबवर फिकट 4:3 चौकोन आहे, मधला भाग किंचित मंद. हिरवी आणि लाल ठीक. द्रव स्वच्छ. मग 72 की 80? आणि संगणकावरून सिग्नल कुठला द्यावा?

तीन_भिंगं

फिकट असेल तर 80 बाय 45 चा प्लाय कापा, पण पहिल्यांदा चित्र 72 वर लावून बघा. प्रोजेक्टर फूटभर पुढे घ्यायचा, लाल-निळ्याचा कोन जुळवायचा आणि प्लायवर 72 च्या रेघा आखायच्या, एवढंच काम. पांढऱ्यात पिवळेपणा न येता कॉन्ट्रास्ट मध्यावर पुरत असेल तर मागे सरकून 80 करा.

सिग्नल 720p, म्हणजे चित्रात 720 ओळी. सेकंदाला 50 चित्रं (50 हर्ट्झ) असतील तर 37.5 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेसदतीस हजार ओळी लागतात, 60 ला 45. सात इंची ट्यूबला यापेक्षा बारीक ठिपका नीट काढता येत नाही. 1080p ला 67.5 किलोहर्ट्झ लागतात. मशीन ते घेईलही, पण ओळी एकमेकींत मिसळतात. 576 ओळींवर 45 इंच उंचीत दोन ओळींत जवळजवळ 2 मिलिमीटर अंतर पडतं, 13 फुटांवरून रेघा दिसतात. 720 ला ते 1.6 मिलिमीटर होतं आणि ठिपका ती फट भरून काढतो.

कन्व्हर्जन्स (तिन्ही रंगांची चित्रं एकावर एक जुळवणं) करण्याआधी मशीन अर्धा तास तापू द्या. थंड असताना जुळवलेलं तासाभरात सरकतं. स्पीकर पडद्याच्या बाजूला चालतील, मशीनजवळ नको, चुंबकाने रंग हलतात.

वेंगुर्ला_बंदर

कडेला काळी पट्टी किती ठेवू?

चिरा_आणि_चुना

तीन इंच, काळी मखमल. चौकट वेगळी करून प्लायच्या कडेभोवती पुढून बसवा.

तीन_भिंगं

आणि चित्र त्या मखमलीवर अर्धा इंच जाऊ द्या. सीआरटीची कडा पूर्ण सरळ कधीच येत नाही, तेवढी वाकडी कड मखमल गिळते.