अनुभव: लिखाणाचा भाव तुम्ही कसा ठरवता, कसा मागता?

गीताभवन

इंदुरात गीताभवन चौकाजवळ आमचं वेबसाइटचं छोटं ऑफिस आहे, सहा जणांचं. दवाखाने, दुकानं, शिकवण्या यांच्या साइट आम्ही बनवतो आणि त्यांचा मजकूर बाहेरच्या लेखकांकडून लिहून घेतो. इंग्रजी-हिंदीला माणसं मिळतात. मराठीची वेळ आली की दर खेपेला शोधाशोध. इथे कितीतरी घरांत मराठी बोलतात पण लिहिणारं कुणी नाही, अशी माझी समजूत झाली होती. गेल्या वर्षी कळलं की लिहिणारे होते, माझा भाव त्यांना परवडत नव्हता.

झालं असं. दातांच्या एका दवाखान्यासाठी मराठीत बारा पानं हवी होती, प्रत्येकी साधारण सहाशे शब्दांची. एक जण ३० पैसे शब्दाने तयार झाला. दोन दिवसांत सगळी पानं आली, २,१६० रुपये मी लगेच पाठवले आणि पानं न वाचताच पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा फोन. ‘रूट कॅनाल’चा ‘मूळ कालवा’ झाला होता, क्राउनचा ‘मुकुट’, आणि अक्कलदाढेला ‘शहाणपणाचा दात’ म्हटलं होतं. सगळं यंत्रातून काढलेलं. डॉक्टर स्वतः मराठी, त्यांच्या आवाजातली नाराजी मला अजून आठवते.

मग एका बाईंना काम दिलं. त्या आधी दवाखान्यात एक दुपार बसल्या, पेशंट काय विचारतात ते वहीत टिपून घेतलं आणि पहिल्या पानाचं पहिलं वाक्य लिहिलं: ‘दाढ रात्रीच का ठणकते?’ पानाला ९०० रुपये, एकूण १०,८०० झाले. वाचून पाहिलं तेव्हा मला कळलं की आधी मी मजकूर घेतलाच नव्हता, नुसते शब्द मोजून घेतले होते.

तेव्हापासून मी पानावर भाव लावतो. तरी ९०० बरोबर की कमी, हे मला ठामपणे सांगता येत नाही. म्हणून विचारतोय. ज्यांनी काम दिलं त्यांनी आणि ज्यांनी केलं त्यांनीही आकड्यांसकट लिहा. माणसांची, कंपन्यांची नावं नकोत. मोहल्ल्याचं नाव पुरे.

राजेंद्रनगर

मी २०१६ साली १५ पैसे शब्दावर सुरुवात केली. मुलं शाळेत गेली की बसायचं, दिवसाला दोन हजार शब्द, हातात तीनशे रुपये. विषय कुठलाही असो, गूगलवर लेख सापडावा म्हणून दिलेला शब्द त्यात बारा वेळा आलाच पाहिजे, एवढीच अट. त्याला लिहिणं म्हणावं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. पण घरात स्वतःची कमाई यायला लागली होती आणि त्या तीनशे रुपयांची किंमत माझी मला माहीत.

खरं दुखणं पुढे झालं. बाहेरगावच्या एका कंपनीने टेस्ट म्हणून तीन लेख मागितले, पाचशे-पाचशे शब्दांचे, तीन वेगळ्या विषयांचे. मी जीव ओतून लिहिले. नंतर ना फोन, ना मेल. दोन महिन्यांनी मसाल्यांवरच्या लेखातलं माझंच एक वाक्य मी अवतरणचिन्हांत टाकून शोधलं: ‘आजीने हिंगाचा डबा उघडला की शेजारच्या वाड्यात कळायचं.’ पहिल्याच निकालात सापडलं. तिन्ही लेख त्यांच्या साइटवर होते, खाली दुसऱ्याच कुणाचं नाव. मेल पाठवले, उत्तर आलं नाही. माझी आजी होती हो ती.

त्यानंतर मी फुकट सॅम्पल दिलेलं नाही. जुनी दोन कामं दाखवते. तरी टेस्ट हवीच असेल तर तीनशे शब्द लिहीन, पण पैसे आधी. यावर काही जण गप्प होतात. होऊ देत.

भावाचं सांगते. एकदा महिनाभर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तास लिहून ठेवले. आठशे शब्दांच्या लेखाला वाचन दोन तास, कुणाला तरी फोन करून विचारणं अर्धा तास, लिहिणं दोन तास, दुरुस्त्या एक तास. झाले साडेपाच. रुपया शब्दाने घेतले तर तासाला १४५ पडतात, आणि त्यातूनच इंटरनेट भरायचं, काम नसलेले दिवसही त्यातच काढायचे. मी तासाला ३०० धरले, म्हणजे लेखाला १,६५०. पहिल्यांदा हा आकडा सांगताना घशाला कोरड पडली होती. समोरच्याने फोन ठेवला. त्याच आठवड्यात दुसऱ्यांना सांगितला, तर त्यांनी एवढंच विचारलं, “बिल कुठल्या नावाने काढणार?”

लोकमान्यनगर

बँकेतून निवृत्त झाल्यावर गेली नऊ वर्षं हिंदीतून मराठीत भाषांतर करतो. गीताभवन, आधी एक सांगतो. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्य संमेलनं ज्या गावात झाली तिथे लिहिणारं कुणी नाही, ही समजूत तुमची तुम्हीच मोडलीत, बरं झालं.

आता शब्दावर भाव लावण्याबद्दल. मराठीला हे माप मुळात बसतच नाही, आणि हे मी पोटतिडकीने सांगतोय. हिंदीत ‘पड़ोस वाले घर के सामने से’ लिहा, सहा शब्द होतात. मराठीत ‘शेजारच्या घरासमोरून’, दोन. ‘बच्चों के लिए भी’ चार, ‘मुलांसाठीसुद्धा’ एक. आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवते. काम तेवढंच, डोकं तेवढंच, पण मोजणारं यंत्र फक्त मोकळ्या जागा मोजतं. माझ्याकडे एकदा हजार शब्दांचं हिंदी पत्रक आलं होतं. मराठीत ते सातशेच्या आसपास भरलं आणि पैसे सातशेचेच आले. क्लायंट खोटं बोलला नव्हता. माप खोटं होतं.

शिवाय या पद्धतीत जो पसरट लिहील त्याला जास्त मिळतं. ‘तपासणी करा’च्या जागी ‘तपासणी करण्याची प्रक्रिया पार पाडा’ लिहिलं की तीन शब्द वाढले आणि वाचणाऱ्याचा वेळ गेला.

म्हणून भाषांतराचे पैसे मी मूळ मजकुराच्या शब्दांवर घेतो, आणि काम सुरू होण्याआधीच आकडा ठरतो. स्वतंत्र लेख असेल तर संपूर्ण लेखाचे.

काम देणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. आपल्याकडे टायपिंगची माणसं हिंदीवर तयार झालेली. ‘ळ’ सुटतो, कमळाचं कमल होतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर साइटवर चिकटवला तर रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, म्हणून युनिकोड हवं हे आधीच सांगा. आणि बोलण्यातली हिंदी लिहिण्यात उतरते. घरात ‘लाइट चालली गेली’ म्हटलं तर कानाला गोडच लागतं, पुण्याच्या वाचकाला मात्र ते खटकतं. तपासणीचे पैसे वेगळे ठेवा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार नियम डोळ्यांसमोर ठेवून वाचणं हे स्वतंत्र काम आहे, लेखकाने जाता जाता करून द्यायचं नव्हे.

सुदामानगर

काकांनी माझ्या मनातलं लिहिलं. मी इंग्रजीत लिहिते, फाइव्हर या ऑनलाइन कामं मिळवून देणाऱ्या साइटवर. तिथे विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापले जातात, म्हणजे २० डॉलरचं काम केलं की १६ उरतात. पैसे रुपयांत येताना आणखी थोडे जातात. दर लावताना हे धरूनच लावा. मी पहिलं वर्षभर धरलं नव्हतं.

रामबाग

मी काम देणाऱ्यांपैकी. साड्यांचं दुकान आहे, बरीचशी महेश्वरी. ऑनलाइन विक्रीसाठी साठ साड्यांचं वर्णन हवं होतं. फोटो पाठवून साडीमागे २५ रुपयांत लिहून घेतलं. साठही साड्या ‘सुंदर, आकर्षक, प्रत्येक प्रसंगाला साजेशी’. गिऱ्हाईक फोन करून विचारायचं, पूर्ण रेशमी आहे का? घेतल्यावर काही जणी परत पाठवायच्या, कारण त्यांनी रेशमी समजून घेतलेली असायची.

पुढे आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला दुकानात बोलावलं. गादीवर साड्या पसरल्या. ताणा (उभे धागे) रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुताचा म्हणजे काय, ते तिने पदराचा धागा बोटांत धरून समजून घेतलं. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात. काठावर चटई, वीट, हिरा असे नमुने असतात आणि ते महेश्वरच्या किल्ल्यावरच्या दगडी नक्षीतून आलेत. हे सगळं मी रोज तोंडाने सांगतो, पण कुणी लिहून घेतलं नव्हतं. दोन दुपारी बसली ती. मग प्रत्येक साडीचं चार ओळींचं वर्णन लिहिलं, कुठली घरी धुता येईल आणि कुठली नाही हेसुद्धा. साडीमागे १२०, एकूण ७,२००, त्यातले अर्धे आधी दिले.

परत येणाऱ्या साड्या कमी झाल्या. माझं म्हणणं एवढंच की लेखकाला माल हातात द्या. फोटोवरून कुणीही असंच लिहील.

विजयनगर

वय २६, तीन वर्षं हेच काम. २०२३ मध्ये एका क्लायंटने माझे चार लेख परत केले. कुठल्या तरी साइटवर तपासलं आणि ‘८२ टक्के मशीनचं’ असा आकडा आला म्हणून. लेख मी लिहिले होते, रात्री जागून. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएआयने लिखाण मशीनचं आहे का हे ओळखणारं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं होतं. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांनाच खात्रीने ओळखता येत नव्हतं, तर ही साइट काय ओळखणार?

मी गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास उघडून दिला. रात्री ११:४० ला एक पूर्ण परिच्छेद उडवलाय, १२:१५ ला तो वेगळ्या शब्दांत परत आलाय, एक वाक्य पाच वेळा बदललंय. क्लायंटने ते पाहिलं. पैसे तरी सत्तर दिवसांनी आले, तेही पाऊण. माफी कुणी मागितली नाही.

आता कामाआधीच मेलमध्ये लिहून घेतो की एआय वापरायचं की नाही, आणि कशासाठी. आराखड्याला वापरतो तेव्हा सांगतो. त्यासाठी दर कमी करत नाही, कारण त्याने दिलेला प्रत्येक आकडा खरा आहे का हे बघण्यातच वेळ जातो. काम देणाऱ्यांना विनंती: शंका आली तर आकडा तोंडावर फेकू नका, आधी मसुदा मागा.

जुनी पलासिया

मी सीए आहे, लिहिणाऱ्या बऱ्याच जणींचे रिटर्न भरते. विजयनगर, सत्तर दिवसांबद्दल लिहिते, कारण हे फार कमी जणांना माहीत असतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ऑनलाइन होते, फी नाही, आणि एकट्याने लिहिणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येते. काम घेण्याआधीच नोंदणी झालेली हवी. मग २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या) कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. २०२३-२४ पासून तर मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च पैसे चुकते करेपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा, पैसे येण्यात फरक पडतो.

टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापला म्हणून कुणी रडत माझ्याकडे येतं. व्यावसायिक फीवर १० टक्के कापतात, एका देणाऱ्याकडून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं तर (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ३० हजार होती). तो पैसा बुडत नाही, तुमच्या नावावर जमा होतो आणि रिटर्न भरताना हिशेबात येतो. पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. आणि वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू मात्र नका.

राजेंद्रनगरच्या ताई, तुमच्या तीन लेखांबद्दल वाईट वाटलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याने नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लिखाणाचा पहिला मालक लेखकच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही काहीच लिहून दिलेलं नाही. लेख तुमचेच आहेत. मसुद्याच्या तारखा जपून ठेवल्यात ना?

राजेंद्रनगर

ठेवल्यात. वहीत हाताने लिहिलेला कच्चा खर्डासुद्धा आहे, वर तारीख घातलेली. वकिलांची नोटीस पाठवता येईल का, ते तुम्हाला भेटून विचारते.

गीताभवन

सगळं दोनदा वाचलं. या महिन्यापासून आमच्याकडे भाव पानावरच, टेस्टचे पैसे आधी, दुरुस्त्या दोन वेळा, त्यापुढे वेगळे, आणि पैसे पंधरा दिवसांत. काकांनी सांगितल्याप्रमाणे तपासणीचे वेगळे. काका, ते काम तुम्ही घ्याल का?

राजेंद्रनगरच्या ताई, पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्याची आठ पानं आहेत. भाव तुम्ही सांगा.

राजेंद्रनगर

आधी हे सांगा: डॉक्टरांशी बोलायला मिळेल का, आणि ओपीडीत एक सकाळ बसू देतील का? ते कळल्यावर आकडा सांगते.