कित्तूरचा वाडा: तुम्ही काय पाहिलंत?

बेळगावहून धारवाडला जाताना कित्तूरचा फाटा कितीदा मागे पडतो; उतरून वाडा बघणारे थोडेच. एक दिवस काढून ज्यांनी इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांचा वाडा आणि आवार पाहिलंत, त्यांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

वडगाव
आम्ही सहा जणी. बसमध्ये आधार कार्ड दाखवलं, बायकांचं शून्य रुपयांचं तिकीट हातात. एम. के. हुबळीला मलप्रभा ओलांडली की कित्तूर आलंच. वाड्यावर छप्पर नाही, जाडजूड भिंती तेवढ्या उभ्या. माझे पाय थबकले न्हाणीघरात. बांधीव टाकी, पाणी येण्याची वाट, सांडपाण्याची मोरी, सगळं ओळखू येतं. लढणारी राणी शाळेपासून माहीत होती. तिच्या घरातही भल्या पहाटे कुणी पाणी तापवत असेल, घंगाळं भरत असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं. मग झाडाखाली डबे उघडले: भाकरी, शेंगाचटणी, दही.

शहापूर
आधी संग्रहालय बघा, मग वाडा. तिथल्या कोरीव चौकटी, तलवारी डोळ्यांत साठवल्या की उघड्या भिंतींना आपोआप दारं-खिडक्या बसतात. दत्तक वारस ईस्ट इंडिया कंपनीनं मानला नाही, म्हणून लढाई. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे इथं मारला गेला. डिसेंबरात किल्ला गेला. दत्तक नामंजूर म्हटलं की आपल्याला १८४८ साली खालसा झालेला सातारा आठवतो. कित्तूर त्याच्या २४ वर्षं आधी! मुलांना हे जागेवरच सांगा. आणि भिंतीवर खिळ्यानं नावं कोरणारा दिसला तर गप्प बसू नका. मला ती नावं बघून फार वाईट वाटलं.

खानापूर
ध्रुवतारा बघण्यासाठी ठेवलेलं गोल भोक नातवाला दाखवलं. भर दुपारी डोळा लावून उभा. "आजोबा, तारा रात्री येतोय तर थांबूया की!" थांबता आलं नाही. घरी आल्यावर गच्चीत चटई टाकली आणि सप्तर्षींवरून ध्रुव शोधून दिला.

नंदगड
राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ साली वारल्या, त्यांची समाधी तिथंच आहे. त्यांच्यासाठी लढत राहिलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली आमच्या गावात फाशी दिलं. कित्तूर झालं की इकडेही या, वडाखाली समाधीपाशी बसा. आमचं घर मराठी. लग्न होऊन आल्यावर आईनं पहिला नारळ तिथं ठेवला होता.