गेरुडो व्हॅलीचा पूल तुटला तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? (अनुभव धागा)

लढाईच्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये मैदान म्हणजे मागे टांगलेला पडदा असतो. दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात आणि मागचे देखावे बदलत राहतात, त्यांनी लढतीत काहीच फरक पडत नाही. निन्टेन्डोच्या वेगवेगळ्या मालिकांतील पात्रांना एकत्र आणणाऱ्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’मध्ये मात्र कित्येक मैदाने स्वतः लढतीत भाग घेतात. त्यांपैकी ज्या मैदानाने मला सर्वाधिक गुंतवून ठेवले, ते म्हणजे वाळवंटातील दरीवर बांधलेला लाकडी पूल, अर्थात गेरुडो व्हॅली.

हे मैदान प्रथम २०१४ साली निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरायच्या यंत्रावरच्या आवृत्तीत आले आणि २०१८ साली स्विच या यंत्रावरच्या ‘अल्टिमेट’ आवृत्तीत परतले. दोन बाजूंना कडे आणि मधोमध पूल, एवढीच त्याची रचना आहे. हा पूल मध्येच तुटतो, आणि कोउमे व कोताके या जुळ्या चेटकिणी, एक आग घेऊन आणि दुसरी बर्फ घेऊन, आकाशातून उतरतात. त्या क्षणी आपण कुठे उभे आहोत यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

माझा पहिला अनुभव धाकट्या भावासोबतचा आहे. मी झेल्डा मालिकेचा नायक लिंक घेतला होता, त्याने गोलमटोल कर्बी. मी त्याला पुलाच्या मध्यभागी रेटत नेले होते आणि शेवटचा जोरदार वार करण्यासाठी बटण दाबून धरले होते, तेवढ्यात फळ्या निखळल्या. कर्बीला हवेत पाच वेळा उडी मारता येते, त्यामुळे भाऊ सहज पलीकडे पोहोचला. माझा लिंक वार करण्याच्या पवित्र्यातच खाली गेला. त्या दिवसापासून मी त्या पुलावर कधीही जास्त वेळ थांबलेलो नाही. आपल्यापैकी ज्यांनी हे मैदान मनापासून खेळले आहे, त्यांनी आपापला अनुभव सविस्तर लिहावा अशी विनंती आहे.

*

मला या मैदानाचे वेड लागले ते त्याच्या मूळ जागेमुळे. १९९८ सालच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’मध्ये ही दरी पहिल्यांदा दिसते. लहानपणीचा लिंक तिथे जातो तेव्हा पूल शाबूत असतो. सात वर्षांनी, मोठा होऊन तो परत येतो तेव्हा तोच पूल मधून तुटलेला असतो, आणि ईपोना घोडीला दौडवत त्या खिंडीवरून उडी घेता येते. ती उडी मी पहिल्यांदा मारली तेव्हा हातातला कंट्रोलर मी नकळत छातीशी धरला होता, हे मला अजूनही स्पष्ट आठवते. पुढे गेरुडो या वाळवंटी जमातीच्या किल्ल्यात कैदेत पडलेल्या चार सुतारांची सुटका केली की पूल दुरुस्त होतो.

मूळ खेळात त्या पुलावरून खाली पडणे हे संकट नव्हते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. खाली नदी आहे, आणि ती लिंकला वाहत वाहत थेट हायलिया सरोवरात नेऊन सोडते. मी कित्येकदा मुद्दाम उडी मारत असे, कारण सरोवरापर्यंत जाण्याचा तो सर्वांत जवळचा आणि सर्वांत सुंदर रस्ता होता. स्मॅशमध्ये त्याच दरीत पडलो की एक स्टॉक, म्हणजे एक जीव, जातो. त्यामुळे पहिले काही दिवस माझा गोंधळ होत असे: बोटे जुन्या सवयीने निर्धास्त असत आणि डोळ्यांना मात्र धोका दिसत असे. ज्यांनी मूळ खेळ खेळलेला नाही, त्यांना ही ओढाताण कदाचित जाणवणार नाही, परंतु माझ्यासाठी त्या मैदानाचा सगळा अर्थ तिथेच आहे. जी दरी मला एके काळी झेलून पुढे पोहोचवत होती, तीच आता गिळते.

संगीताचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. कोजी कोन्दो यांनी रचलेली गेरुडो व्हॅलीची धून, म्हणजे ती गिटार आणि तिच्या मागच्या टाळ्या, या मैदानावर वाजू लागली की मी लढतीची पहिली काही सेकंदे फक्त ऐकण्यात घालवतो. या सवयीमुळे मी अनेकदा पहिला फटका खाल्ला आहे आणि तरीही ती मोडावी असे मला कधी वाटले नाही.

*

मी झेल्डा मालिकेचा खलनायक गॅनॉनडॉर्फ खेळतो आणि फक्त गॅनॉनडॉर्फच खेळतो. कथेनुसार कोउमे आणि कोताके यांनीच त्याला वाढवले, त्यामुळे हे मैदान म्हणजे त्याचे घर आहे, आणि तरीही त्या दोघी त्याच्यावरही तितक्याच निर्दयपणे मारा करतात. पात्र संथ आहे, उडी आखूड आहे, म्हणून पूल तुटला की सर्वाधिक धोका मलाच असतो.

त्यावर मी शोधलेला उपाय असा आहे. प्रतिस्पर्धी खिंडीवरून उडी घेऊन माझ्या बाजूला येऊ पाहतो, तेव्हा मी कड्यावरून पुढे झेपावून त्याचा गळा पकडतो. गॅनॉनडॉर्फची ही पकड हवेत लागली की तो प्रतिस्पर्ध्याला घेऊन सरळ खाली जातो, म्हणजे दोघेही दरीत. माझ्याकडे एक स्टॉक जास्त असेल तर हा सौदा मला परवडतो, बरोबरीत असताना मी तो करत नाही. सपाट मैदानावर ही संधी फक्त टोकाला मिळते. इथे ती मैदानाच्या मध्यभागी मिळते, जिथे समोरच्याला तिची अपेक्षा नसते.

*

लिटल मॅक निवडणाऱ्यांनी हा अनुभव अवश्य वाचावा. जमिनीवर या मुष्टियोद्ध्याला तोड नाही, पण हवेत तो जवळजवळ असहाय असतो. त्याची उडी ना उंच जाते ना लांब, आणि कड्यावर परतण्याची ताकदही तोकडीच. अखंड पूल असलेली गेरुडो व्हॅली त्याला फार मानवते, कारण लांबलचक सपाट जमीन मिळते. पूल तुटला की तीच जागा त्याच्यासाठी सर्वांत वाईट ठरते.

मी सलग कित्येक लढती याच कारणाने गमावल्या आणि मग एक नियम स्वतःला घालून घेतला: पूल नसताना खिंड ओलांडायची नाही, समोरून कितीही चिथावणी आली तरी. पलीकडचा माणूस बाण मारतो, बॉम्ब फेकतो, आणि मी ढाल धरून, बगल देऊन वेळ काढतो. हे कंटाळवाणे दिसते हे मला मान्य आहे. परंतु ‘अल्टिमेट’मध्ये पात्राच्या आधी मैदान निवडावे लागते, त्यामुळे पूल दिसत असूनही मी लिटल मॅक निवडला असेल तर त्या निवडीची किंमत मोजणे माझेच काम आहे.

*

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी पूर्ण आदराने मांडते. मी अनेक वर्षे मित्रमंडळींमधील छोट्या स्पर्धांचे नियोजन करत आले आहे, आणि स्पर्धेत गेरुडो व्हॅली मी कधीही ठेवलेली नाही. दोन खेळाडू तासन्‌तास सराव करून येतात, एकमेकांच्या सवयी वाचतात, पात्राने खाल्लेल्या माराच्या टक्केवारीकडे बघून कोणता फटका कधी मारायचा हे ठरवतात, आणि ऐन मोक्याला त्यांच्यातल्या एकाच्या पायाखालची जमीन जाते. हरलेल्या खेळाडूच्या चेहऱ्यावर मग जे दिसते ते पराभवाचे दुःख नसते. आपले मोजमापच झाले नाही, ही भावना असते. तो चेहरा मी एकदा पाहिला आणि त्यानंतर नियम कडक केले.

थ्रीडीएसच्या आवृत्तीत मार्ग दोनच होते: मैदान आहे तसे घ्यायचे किंवा त्याचे सपाट ओमेगा रूप घ्यायचे. इंटरनेटवरच्या ‘फॉर ग्लोरी’ लढती तर फक्त ओमेगा रूपांवरच होत असत. ‘अल्टिमेट’मध्ये मैदानांवरील धोके बंद करण्याची सोय आली तेव्हा मला सर्वाधिक आनंद झाला, कारण आता दरीचे ते तांबूस कडे, ती धून आणि तो पूल सगळे ठेवून निव्वळ कौशल्याची लढत खेळता येते.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. स्पर्धा संपल्यावर सगळे थकून बसलेले असतात, तेव्हा कोणी तरी धोके पुन्हा चालू करतो, आठ जण एकाच वेळी त्या पुलावर उतरतात, आणि त्या खोलीत जो कल्लोळ उठतो तो अंतिम सामन्यातही उठलेला नसतो. मी दोन्ही प्रकार खेळते. मात्र एकाच्या जागी दुसरा चालवू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

*

माझा अनुभव दृष्टीशी संबंधित आहे. माझी नजर जन्मापासून कमजोर आहे, आणि थ्रीडीएसच्या लहानशा वरच्या पडद्यावर चार पात्रे दूर गेली की ती मला ठिपक्यांसारखी दिसत. गेरुडो व्हॅलीत हा त्रास वाढत असे, कारण तिथे वाळू, खडक आणि लाकूड हे सगळे एकाच तपकिरी कुळातले रंग आहेत, आणि त्यात तपकिरी गोरिला डॉन्की काँगसारखे पात्र अगदी विरघळून जाते.

त्या आवृत्तीत पात्रांभोवती काळी बाह्यरेषा असते आणि तिची जाडी बदलता येते, हे मला फार उशिरा समजले. रेषा जाड केली आणि पहिल्यांदाच माझे पात्र कड्यापासून किती अंतरावर आहे ते मला दिसले. त्याआधी पूल तुटल्याचे मला पात्र खाली गेल्यावरच कळत असे. त्यानंतर मी कान आणि डोळे दोन्ही वापरू लागलो, आणि चेटकिणी आल्या की लढणे थांबवून आधी जागा बदलायची, ही शिस्त बाणवली. ज्यांना लहान पडद्यावर खेळताना त्रास होतो, त्यांनी हा बदल करून पाहावा असे मी मनापासून सुचवतो.

*

आगीबर्फाच्या माऱ्यावर वर कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये या दोघींना हरवण्याची युक्ती म्हणजे आरशाची ढाल: कोउमेची आग परतवून कोताकेवर टाकायची, कोताकेचा बर्फ कोउमेवर. मी कित्येक दिवस स्मॅशमध्येही आपणच काही तरी करून त्यांना परतवू शकू या समजुतीत उभा राहत असे. इथे शहाणपण सरकण्यात आहे. प्रतिस्पर्ध्याला त्या माऱ्याच्या जागेत फेकता आले तर उत्तमच, नाही तर आपण बाहेर राहावे.

*

गेरुडो व्हॅलीची तुलना ‘ब्रिज ऑफ एल्डिन’शी झाल्याशिवाय हा विषय पूर्ण होणार नाही, असे मला वाटते. याच मालिकेच्या २००८ सालच्या ‘ब्रॉल’ आवृत्तीतील तो दगडी पूल प्रचंड लांब आहे. त्यावरून किंग बुल्ब्लिन आपल्या रानडुकरावर बसून धावत येतो, वाटेत येणाऱ्याला उडवतो, स्फोटके टाकतो आणि पुलाचा मधला भाग कोसळतो. तिथे संकट दुरून दिसते, शिंग फुंकल्याचा आवाज येतो आणि तयारीला वेळ मिळतो. तो पूल मी अनेक वर्षे खेळलो, पण त्याच्याविषयी माझ्या मनात भीती कधी निर्माण झाली नाही, कारण दोन्ही बाजूंना जमीन मुबलक आहे.

गेरुडो व्हॅलीत जागाच कमी आहे. पूल गेला की उरलेल्या कड्यावर दोन माणसे दाटीने उभी राहतात, आणि त्या दाटीत कोण कोणाला ढकलतो हे एखाद्या क्षणात ठरते. माझे सर्वांत चुरशीचे सामने त्या अरुंद जागेत झाले आहेत. एकदा व्हिलेजर हे पात्र घेऊन मी त्याच्या दोन फुग्यांच्या आधाराने खिंडीवरून तरंगत येत होतो, प्रतिस्पर्ध्याने एक फुगा फोडला, आणि उरलेल्या एका फुग्यावर मी कड्याला जेमतेम हात घातला. तो हात लागला तेव्हा आम्ही दोघेही एकाच वेळी ओरडलो होतो.

*

सर्वांचे अनुभव वाचले आणि लिहावेसे वाटले. मी हा खेळ माझ्या मुलीसोबत खेळते. तिने सुरुवातीला हे मैदान निवडले ते केवळ सूर्यास्तासारख्या रंगांसाठी. ती झेल्डा हे पात्र घेते, मी शीक हे. आमच्या पहिल्याच लढतीत पूल तुटला, तेव्हा ती एका कड्यावर होती आणि मी दुसऱ्या. मी उडी मारण्याच्या बेतात होते, तेवढ्यात तिने मला थांबवले आणि म्हणाली, ‘आई, थांब ना. पूल येईपर्यंत तू तिकडे, मी इकडे.’

तेव्हापासून आमच्यात हा करार आहे. पूल शाबूत असताना आम्ही एकमेकींवर कोणतीही दयामाया न ठेवता तुटून पडतो. तो तुटला की दोघी आपापल्या कड्यावर थांबतो, चेटकिणींचा मारा चुकवतो, आणि ज्या बाजूला मारा होणार असे वाटते त्या बाजूच्या व्यक्तीला दुसरीने ओरडून सावध करायचे असते. मुलगी कंट्रोलर मांडीवर ठेवत नाही, अंगठा ढालीच्या बटणाच्या अगदी जवळ धरून ठेवते, आणि पडद्यावरून नजर न हटवता मला विचारते, ‘तू ठीक आहेस ना?’ मी हो म्हणते. पूल परत जागेवर येतो, आणि ती क्षणभरही वाट न पाहता धावत येऊन मला फटका मारते.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिने तो करार मोडला. मारा माझ्या बाजूला होणार हे तिला दिसले, ओरडायला वेळ नव्हता, म्हणून ती खिंडीवरून उडी घेऊन माझ्याकडे आली आणि मला कड्यावरून दूर फेकून दिले. मी वाचले, ती आगीत सापडली. तिच्या त्या फेकीने माझी टक्केवारी वाढली होती, त्यामुळे नियमाप्रमाणे तो हल्लाच धरायचा का, यावर आमची अजून चर्चा चालू आहे.